हाताआडची ज्योत

सावळाराम लक्ष्मण हळदणकरांच्या ‘ग्लो ऑफ होप’ या चित्रात ज्योत हाताआड आहे. एका हातात दिवा, दुसरा हात त्याच्यापुढे आडोशाला धरलेला. उजेडाचा उगम आपल्याला कळतो तो बोटांवरून. बोटांच्या कडा तांबूस झाल्या आहेत, तोच उजेड पुढे गळ्यावर येतो, हनुवटीखालून गालावर जातो आणि कपाळापर्यंत पोहोचता पोहोचता विरळ होतो. मागे भिंत, भिंतीवर सावली. एवढंच चित्र. ना खुर्ची, ना फडताळ, ना देव्हारा. तरी ही खोली राहत्या घरातली आहे आणि ही मुलगी त्या घरचीच आहे, याबद्दल पाहणाऱ्याच्या मनात शंका राहत नाही. काहीही न मांडता घर कसं उभं राहिलं, हे मला या चित्राचं खरं मर्म वाटतं.

चित्र बहुतेकांनी पाहिलेलं असतं. कॅलेंडरवर, लग्नपत्रिकेवर, दिवाळीच्या शुभेच्छापत्रावर, कुणाच्या बैठकीत फ्रेम करून लावलेलं. आमच्या जबलपुरातल्या मराठी घरांतही त्याच्या छापील प्रती आहेत. ‘हे कुणाचं?’ असं विचारलं की दहांतले आठ जण बेधडक ‘राजा रविवर्मा’ म्हणतात. रविवर्मा वारले १९०६ साली. हे चित्र १९४५-४६ मधलं. मधे चाळीस वर्षांचं अंतर आहे. शिवाय रविवर्म्याची कीर्ती तैलरंगांची, आणि हे चित्र जलरंगातलं. घोटाळ्याला एक साधं कारणही आहे. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या जयचामराजेंद्र कलादालनात आहे आणि रविवर्म्याची गाजलेली चित्रंही त्याच वास्तूत आहेत. लोक एकाच फेरीत दोन्ही पाहतात, बाहेर पडताना लक्षात राहिलेलं चित्र आणि लक्षात राहिलेलं नाव एकमेकांना जोडून टाकतात. पण माणसाला श्रेय मिळालं नाही, एवढ्यावर हे नुकसान थांबत नाही. रविवर्म्याचं समजून पाहिलं की आपण या चित्रात देवी शोधू लागतो, पुराणातली नायिका शोधू लागतो, भरजरी दिमाख शोधू लागतो. इथे आहे ती चित्रकाराची मुलगी.

तिचं नाव गीता. लग्नानंतर गीता उपळेकर. हकीकत त्यांनीच पुढे अनेकदा सांगितली. दिवाळीचे दिवस होते, आईची साडी नेसून त्या हातात दिवा घेऊन घरात वावरत होत्या, ज्योत विझू नये म्हणून तिच्यापुढे हात धरलेला होता. वडिलांनी ते पाहिलं आणि तशीच उभी राहा म्हणाले. सणाच्या गडबडीतल्या घरात असा एखादा क्षण कुणाच्याही नजरेला पडला असता आणि दुसऱ्या क्षणी विसरलाही गेला असता. हळदणकरांचा डोळा तिथे थांबला, याचं कारण त्याआधीच्या चार दशकांत आहे.

ते मूळचे सावंतवाडीचे, जन्म १८८२ चा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. १९०८ मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःचा चित्रकलेचा वर्ग काढला, हळदणकर्स फाइन आर्ट इन्स्टिट्यूट, आणि त्या वर्गातून पिढ्या शिकून गेल्या. १९१८ मध्ये आर्ट सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत ते होते. व्यक्तिचित्र आणि जलरंग या दोन्हींत त्यांचा अधिकार सगळ्यांना मान्य होता. म्हणजे दिवा घेतलेली लेक समोर आली तेव्हा पाहणारा माणूस साठीतला, आयुष्यभर दुसऱ्यांचे चेहरे वाचलेला होता. चेहरा ओळखीचा असला की चित्रकाराचं काम सोपं होतं असं आपल्याला वाटतं. ते उलट अवघड होतं. रोजच्या चेहऱ्याकडे आपण पाहत नाही, तो आपल्याला पाठ असतो. पाठ असलेला चेहरा पुन्हा नव्यानं पाहायला लावलं ते त्या संध्याकाळच्या उजेडानं.

त्या काळच्या आपल्या चित्रकारांना घरच्या माणसांची चित्रं काढण्यावाचून तसा पर्यायही फारसा नव्हता. परक्या पुरुषासमोर तासन् तास बसायला मध्यमवर्गातली बाई कशी तयार होणार? म्हणून बायको, बहीण, मुलगी. गोव्याचे अँटोनियो झेवियर त्रिंदाद (१८७०–१९३५) हे जे. जे. मध्ये शिकवायचे. त्यांनीही बायको-मुलींना समोर बसवून कितीतरी चित्रं केली. १९२० मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळवलेलं त्यांचं ‘डोल्चे फारनिएंते’ हे पत्नीचंच चित्र. त्यांची मुलगी अँजेला पुढे स्वतः नावाजलेली चित्रकार झाली. पणजीच्या फुंदासांव ओरिएंत या संस्थेत त्रिंदादांच्या चित्रांचा संग्रह पाहायला मिळतो आणि कधी गोव्याला गेलात तर समुद्रकिनाऱ्याचा एक दिवस कमी करून तो पाहावा, इतका तो मोलाचा आहे. गरजेपोटी सुरू झालेली ही रीत चित्रांना एक वेगळी गोष्ट देऊन गेली. समोर बसलेली व्यक्ती चित्रकाराला घाबरत नाही, आणि त्याला खूश करायलाही पाहत नाही. भाड्यानं आणलेल्या मॉडेलच्या अंगात जो ताठरपणा येतो तो इथे नाही. गीताबाईंचा दिवा धरलेला हात पाहा. हा हात रोज दिवा लावणाऱ्या घरातला आहे, ‘असा धर’ म्हणून शिकवलेला नाही.

याच पिढीत तिकडे इंग्लंडातही चित्रकार आपल्या घरातल्या खोल्यांकडे वळले होते. हॅरल्ड गिलमन (१८७६–१९१९) हा त्यांतला एक मोठा. त्याचं ‘एडवर्डियन इंटिरियर’ हे साधारण १९०७ चं चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. वडील धर्मगुरू, त्यांच्या घरची बैठक, आणि त्या बैठकीत चित्रकाराची धाकटी बहीण. गिलमनच्या चित्रात बहिणीइतकाच मान भिंतींना, टेबलखुर्च्यांना आणि भिंतीवरच्या चित्रांना आहे. माणूस त्या सामानात मुरलेलं आहे. खोली पाहूनच आपल्याला कळतं की या घरात दुपारी कसं शांत असेल, चहा कधी येत असेल, आवाज किती खाली ठेवत असतील. गिलमन माणसाकडे खोलीतून येतो. हळदणकर बरोबर उलट्या वाटेनं जातात. त्यांनी खोलीतलं सगळं सामान काढून टाकलं आणि माणसातून खोली उभी केली. या दोन चित्रांपैकी एकच घरी न्यायला मिळालं तर मी हळदणकरांचं नेईन. गिलमनची खोली पाहून मी त्या घरात पाहुणा होतो. हळदणकरांच्या भिंतीपाशी मला पाहुणा असल्यासारखं वाटत नाही.

भिंतीबद्दल थोडं अधिक बोलायला हवं, कारण छापील प्रतींत तीच सगळ्यात आधी मरते. छपाईत ती एकसारखी काळपट होते आणि मुलगी अंधारातून कापून चिकटवल्यासारखी दिसते. चांगली प्रत मिळाली तर दिसतं की भिंतीवर उजेड पडलेला आहे, मंद, पण नक्की. आणि मुलीची सावली त्या उजेडाला आडवी गेली आहे. सावली पडायला पृष्ठभाग लागतो. ती पडली आहे म्हणजे मागे काही हातांवर भिंत आहे, म्हणजे ही खोली आहे, अंगण नव्हे, मंदिराचा गाभारा नव्हे. घराची सगळी साक्ष या एका सावलीनं दिली आहे. शिवाय सावलीमुळे दिव्याची उंची कळते, अंतर कळतं, मुलगी भिंतीपासून किती पुढे आली आहे तेही कळतं. चित्रकारानं अवकाश मोजून दिला आहे आणि त्यासाठी एकही रेघ वेगळी काढलेली नाही.

आता तो हात.

हातामागे दिवा धरला की बोटं लाल दिसतात, हे आपण लहानपणी सगळ्यांनी करून पाहिलेलं असतं. मांसातून आणि रक्तातून जाताना प्रकाशातला निळा आणि हिरवा भाग शोषला जातो, तांबडा तेवढा पलीकडे येतो. पण नेमका कुठून येतो? ते पाहायचं असेल तर आमच्या जबलपूरच्या ग्वारीघाटावर संध्याकाळी आरतीच्या सुमाराला उभं राहावं. नर्मदेचं पात्र इथे रुंद आहे, पलीकडच्या काठावर गुरुद्वारा, अलीकडे घाटाच्या पायऱ्या, आणि पात्रावरून वारा सतत येतो. दीपदानाला लोक पानाच्या द्रोणात फुलं आणि पेटती वात घेऊन पायऱ्या उतरतात. पाण्यापर्यंत पोहोचायच्या आत वात विझू नये म्हणून प्रत्येकाचा मोकळा हात आपोआप द्रोणापुढे येतो. परिक्रमेला निघालेल्या मराठी बायका त्यांत हमखास असतात, ‘नर्मदे हर’ म्हणत उतरतात, त्यांचाही हात तसाच वर येतो. मी तिथे कितीतरी हात पाहिले आहेत. तळहात कधीच सबंध पेटत नाही. मधला जाड भाग काळाच राहतो. उजेड फुटतो तो बोटांच्या कडांना, दोन बोटं जिथे जुळतात तिथल्या पातळ कातडीत, आणि करंगळीच्या बाजूला. हात ज्योतीच्या जवळ गेला की कडा नारिंगी होतात, लांब गेला की विटकरी होत विझतात. म्हाताऱ्या हाताच्या कडा जास्त उजळतात, कारण मांस कमी.

हे डोळ्यांत ठेवून हळदणकरांच्या चित्राकडे परत या. सरधोपट चित्रकारानं पंजा सबंध लाल करून टाकला असता, कारण ‘उजेड आरपार जातो’ हे त्याला ऐकून माहीत असतं. हळदणकरांनी कडा तेवढ्या पेटवल्या आणि हाताचा गाभा गडद ठेवला. त्या गडदपणामुळे कडा जळतात. आणि हात नाजूक असूनही हाडामांसाचा राहतो, काचेचा होत नाही. चित्रात चमत्कार वाटावी अशी जी जागा आहे ती चमत्कार नसून नीट पाहणं आहे. म्हणून ती दहाव्यांदा पाहतानाही शिळी होत नाही.

युरोपात हाच हात तीनशे वर्षं आधी एकानं रंगवला होता. फ्रान्सचा जॉर्ज द ला तूर. पॅरिसच्या लूव्रमध्ये त्याचं ‘सुतार जोसेफ’ आहे, साधारण १६४२ चं. म्हातारा सुतार वाकून लाकडाला भोक पाडतो आहे, शेजारी बाळ येशू मेणबत्ती धरून उभा आहे, आणि ज्योतीपुढे आलेल्या त्याच्या चिमुकल्या हाताच्या बोटांतून प्रकाश झिरपतो आहे. तिथेही बाप आहे, मूल आहे, घरातली रात्र आहे. फरक असा की ला तूरच्या मुलाचा हात धर्मकथेचा भार वाहतो, लाकडाचा आकारही पुढच्या क्रुसाची आठवण करून देतो. हळदणकरांच्या हाताला कुठलीच कथा नाही. ज्योत विझू नये एवढंच त्याचं काम. आणखी एक गोष्ट या दोघांना बांधते. ला तूर १६५२ मध्ये वारला आणि पुढे अडीच शतकं जवळजवळ पुसला गेला, त्याची चित्रं इतरांच्या नावावर फिरत राहिली. १९१५ मध्ये हर्मान फॉस या जर्मन अभ्यासकानं ती त्याची त्याला परत मिळवून दिली. आपल्या चित्रकाराला तर अभ्यासकाचीही गरज नाही, त्याचं नाव-गाव-साल सगळं नोंदलेलं आहे. आपण वाचत नाही, एवढंच.

चेहऱ्याकडे वळू. खालून येणारा उजेड चेहऱ्याचा वैरी असतो. भुवयांच्या सावल्या वर जातात, नाकपुड्या उजळतात, हनुवटी पुढे येते, देखणं माणूस भेसूर दिसतं. नाटकवाल्यांना हे चांगलं ठाऊक आहे. इथे तसं का झालं नाही? कारण दिवा आणि चेहरा यांच्यामधे पुरेसं अंतर आहे, आणि तो आडोशाचा हात. आपल्याकडे येणारा उजेड हातानं अडवला, म्हणून आपल्या डोळ्यांना ज्योतीची तिरीप लागत नाही आणि मंद उजेडातले बारीक फरक दिसत राहतात. तळहातावर आपटून परतलेला उजेड चेहऱ्यावर मऊ होऊन पोहोचतो. मुलीनं ज्योतीला जपलं, आणि तोच हात चित्रकाराच्या उपयोगी पडला. हळदणकरांनी त्या चेहऱ्यावर भावनेचं नाटक केलेलं नाही. डोळ्यांत पाणी नाही, ओठांवर हसू आणलेलं नाही. बापानं मुलीला सुंदर दाखवण्याचा मोह आवरला आणि म्हणूनच ती सुंदर दिसते.

हे सगळं जलरंगात, हे मात्र पुन्हा पुन्हा आठवावं लागतं. तैलरंगात अंधारातलं चित्र करायची वाट मळलेली आहे: आधी गडद, मग त्यावर उजळ. चुकलं तर खरवडा, वर पुन्हा लावा. जलरंगात कागदाचा पांढरा हाच उजेड. सगळ्यात लख्ख जागा पहिल्या वॉशपासून राखून ठेवावी लागते, तिच्यावर एकदा रंग गेला की ती पूर्वीसारखी मिळत नाही. आणि गडद जागा थर चढवत चढवत आणाव्या लागतात, थर जास्त झाले की रंग मळतो, चिखल होतो. त्यात ओला रंग वाळला की फिका पडतो, म्हणजे आज लावताना उद्याचा अंदाज बांधायचा. एवढी मोठी काळोखी, तिच्यात भिंतीचा मंद उजेड, त्यावर सावली, आणि मध्यभागी धगधगीत बोटं, असा पसारा जलरंगात मांडायला निधडी छाती लागते. साडीची जांभळट छटा पाहा. दिव्याच्या पिवळ्या उजेडात जांभळा रंग करडा पडतो आणि उजेड न लागलेल्या भागात जास्त जांभळा दिसतो. पिवळ्यासमोर जांभळा ठेवला की दोन्ही बोलतात, हे चित्रशाळेतल्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही माहीत असतं. पण सबंध चित्र त्या एका नात्यावर तोलायचं आणि तरीही ते भडक होऊ द्यायचं नाही, याला हळदणकरच हवेत.

त्यांचं दुर्दैव काळाचं. १९४५-४६ म्हणजे मुंबईतल्या चित्रकलेची कूस बदलत होती. १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला. सूझा, रझा, आरा, हुसेन ही नावं पुढे आली आणि जे. जे. च्या वास्तववादी परंपरेला ‘जुनी’ म्हणून बाजूला सारण्यात आलं. त्या चित्रकारांचं मोठेपण मला पुरेपूर मान्य आहे. आमच्या मध्य प्रदेशात, नर्मदेच्याच मुलखात वाढलेल्या रझांविषयी तर विशेष आपुलकी आहे. पण त्या लाटेत समीक्षकांनी हळदणकरांसारख्यांकडे पाठ फिरवली ती जवळजवळ कायमची. चित्र लोकांनी उचललं, कॅलेंडरवाल्यांनी उचललं, आणि ते जितकं लोकप्रिय झालं तितकं जाणकारांना ते गोड, सोपं वाटू लागलं. हा अन्याय आहे. लोकप्रिय झालेल्या चित्रात लोकांना काय दिसलं असेल, हे पाहण्याचे कष्ट कुणी घेतले नाहीत. लोकांना पहिल्या नजरेला कळलं होतं की हा हात त्यांच्या ओळखीचा आहे.

माझी या चित्राबद्दल एकच तक्रार, ती त्याच्या नावाबद्दल. आशेचं ओझं त्या मुलीच्या हातात द्यायची गरज नव्हती, दिवा पुरेसा होता. प्रदर्शनाच्या दुनियेत चित्राला नाव लागतं, इंग्रजी नाव चालतं, हे समजण्यासारखं आहे. पण चित्र पाहताना ते नाव बाजूला ठेवावं.

हळदणकर १९६८ मध्ये वारले. गीता उपळेकरांना दीर्घायुष्य लाभलं. शंभरी ओलांडून २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये कोल्हापुरात त्यांचं निधन झालं. म्हणजे अगदी परवापरवापर्यंत, ज्या मुलीच्या चित्राला लोक रविवर्म्याची नायिका म्हणत होते ती मुलगी आपल्यातच होती.

तुमच्या घरी ही तसबीर असेल तर दोन गोष्टी करा. तिच्या पाठीवर पेननं लिहा: सावळाराम लक्ष्मण हळदणकर, १९४५-४६, जलरंग, त्यांची मुलगी गीता. आणि म्हैसूरला जाणं झालं तर जगनमोहन राजवाड्यात या चित्रापुढे घाई करू नका, आधी हात पाहा, मग भिंतीवरची सावली, आणि चेहरा सगळ्यात शेवटी.